जुने मैदान आणि चांगला खोडवा



या पानावर आपण नेहमी लागण, खते, पाणीपाळी यांविषयी बोलतो. या वेळी जरा वेगळा विषय घेतला आहे. तो आहे अमेरिकेतल्या एका मैदानाचा, पण शेवटी तो आपल्या बांधापर्यंत येतो.

अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम हे लोखंड-पोलादाचे शहर आहे. तेथे १८ ऑगस्ट १९१० रोजी रिकवुड फील्ड हे बेसबॉलचे मैदान सुरू झाले. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊच म्हणा ना! रिक वुडवर्ड या कारखानदाराने ते बांधले. त्याचा बॅरन्स हा संघ गोऱ्यांचा. काळ्या खेळाडूंचा ब्लॅक बॅरन्स हा संघ वेगळा. बॅरन्स बाहेरगावी गेले की यांना मैदान मिळायचे. प्रेक्षकांच्या जागासुद्धा कातडीच्या रंगावर ठरलेल्या. वेगळा पाणवठा पाहिलेल्या आपल्या गावांना हे समजावून सांगायला नको. याच ब्लॅक बॅरन्समधून १९४८ साली विली मेज हा सतरा वर्षांचा शाळकरी पोरगा खेळला आणि पुढे जगभर गाजला.

१९८७ च्या हंगामानंतर बॅरन्स शेजारच्या हूवर गावी नव्या मैदानात गेले. जुन्याला वाली उरला नाही. वापर थांबला की देखभाल थांबते, मग लोखंड गंजते, लाकूड कुजते. विहिरीवरच्या बंद इंजिनाचे काय होते ते आपण जाणतोच.

१९९२ मध्ये गावच्या काही मंडळींनी ‘फ्रेंड्स ऑफ रिकवुड’ ही संस्था काढली. मालकी शहराची, पण काळजी यांनी घेतली. पैसा जमेल तसे एकेक काम हाती घेतले. नुसती डागडुजी करून ते थांबले नाहीत. १९९६ पासून जुन्या धाटणीचे कपडे घालून बॅरन्सचा एक सामना तिथे भरवायची प्रथा पाडली. शाळा-कॉलेजांचे सामनेही होत राहिले. म्हणजे मैदान वापरात राहिले, आणि वापरात राहिले म्हणूनच ते वाचले.

पुढे २० जून २०२४ रोजी तिथे देशातल्या सर्वांत वरच्या दर्जाचा सामना झाला. त्यासाठी नवी हिरवळ लावली, पाण्याचा निचरा सुधारला. सेंट लुईसने सॅन फ्रान्सिस्कोला ६-५ असे हरवले. विली मेज मात्र दोनच दिवस आधी, १८ जूनला, वयाच्या ९३ व्या वर्षी वारले. त्या दिवशी रेजी जॅक्सन या जुन्या खेळाडूने १९६७ साली याच गावात खानावळी-हॉटेलांतून आपल्याला कसे हाकलले, हे टीव्हीवर सर्वांसमोर सांगितले. मैदानाची डागडुजी झाली म्हणून जुना अन्याय झाकला गेला नाही, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

आता आपल्याकडे बघा. लागणीला आपण जिवापाड जपतो, आणि खोडव्याला म्हणतो, “येईल तेवढा येईल.” पण वेळेवर बुडखे छाटले, पाचट न जाळता सरीत कुजवले, नांग्या भरल्या, तर तोच खोडवा लागणीच्या बरोबरीला येतो. गावची तालीम, जुनी बारव, शाळेचे पटांगण यांचेही तसेच आहे. मूळ शाबूत आहे, फक्त नांग्या पडल्या आहेत. सरकारी मंजुरीची वाट जरूर पाहा, पण तोवर घरटी एक माणूस आणि एक दिवस एवढे तरी निघेल की नाही? आणि काम झाल्यावर तिथे कुलूप लावू नका, पोरांना खेळू द्या.

— ऊस विकास अधिकारी