आटा सरळ पडला पाहिजे

पंख्याचा हूक, शिलाई मशीनचा पाय, सायकलचे चाक, नळाची तोटी. घरातल्या या सगळ्या वस्तूंना आट्यांनी धरून ठेवलेले असते. नट घट्ट बसला की आपण त्याच्याकडे पाहतही नाही. आटे गेले की मात्र पंखा हलू लागतो, नळ गळू लागतो आणि कारागिराची आठवण होते.

बोल्टाच्या अंगावर फिरत जाणाऱ्या खाचेला मराठीत आटा म्हणतात, उर्दूत चूडी. लेथ मशीनला उर्दूत खराद आणि ते चालवणाऱ्याला खरादी म्हणतात. अरबीत त्याच कारागिराला खर्रात म्हणतात. इतके जुने शब्द आपल्या घरात आहेत, पण त्या कामात अक्कल किती लागते हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. म्हणून या वेळी एका साध्या कामाविषयी लिहीत आहोत: लेथवर डायने आटे पाडणे.

एका बोल्टाचे गणित

समजा, १० मिलिमीटरचा बोल्ट बनवायचा आहे. त्याचा नेहमीचा पिच दीड मिलिमीटर असतो, म्हणजे दोन शेजारच्या आट्यांत दीड मिलिमीटर अंतर. डायचा एक फेरा झाला की ती दीड मिलिमीटर पुढे सरकते. मग ३० मिलिमीटर लांबीचे आटे पाडायला किती फेरे? वीस. वर्गात त्रैराशिकाला घाबरणारा मुलगा बोल्ट हातात दिल्यावर हे उत्तर पटकन देतो, हे आम्ही पाहिले आहे.

सळई आधी लेथवर कातून घेतात, पण पूर्ण १० मिलिमीटर ठेवत नाहीत. ९.८ ते ९.९ ठेवतात. कारण डाय दाबली जाते तेव्हा धातू थोडा वर फुगतो. सळई जाड राहिली तर डाय अडकते आणि आटे फाटतात. मग सळईच्या तोंडाला उतार देतात, टोकाशी साधारण ८ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे डायला शिरायला वाट मिळते.

घाई केली की बिघडले

यानंतर खरी कसोटी सुरू होते. डाय सळईवर काटकोनात बसली पाहिजे. हाताने अंदाजाने बसवली तर ती जरा तिरकी जाते, आटे एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ पडतात. लेथचा फायदा इथेच आहे. सळई चकमध्ये पकडलेली असते आणि मागून टेलस्टॉकचे सपाट तोंड डायला टेकवतात, त्यामुळे डाय सरळ राहते. डायचे हँडल कॅरेजवर टेकवतात, म्हणजे ते फिरत नाही. शिकाऊ मुलाने मोटर बंद करून, गिअर न्यूट्रलला ठेवून चक हाताने फिरवावा. सुरुवातीचे दोन-तीन आटे पडेपर्यंत टेलस्टॉकचा हलका दाब ठेवायचा, पुढे डाय आपोआप ओढली जाते.

पोलादावर कटिंग ऑईल हवेच. पितळ कोरडेही चालते. अर्धा-एक फेरा पुढे गेले की थोडे मागे यायचे, म्हणजे लोखंडाचा कीस तुटून बाहेर पडतो. तो आत अडकला तर पाडलेले आटेच ओरबाडतो. डायला चीर असेल तर हँडलच्या मधल्या स्क्रूने ती किंचित उघडून पहिला हात मारतात. मग बाजूचे स्क्रू आवळून दुसरा हात, आणि शेवटी नट फिरवून पाहणे. नट बोटांनी फिरला पाहिजे, पण लडबडता कामा नये.

जाड बोल्टाला डायचा जोर फार लागतो. तिथे लेथच्या लीड स्क्रूवर, एका टोकदार हत्याराने आटे पाडतात. ते पुढचे शिक्षण. पण धीर, माप आणि सरळपणा डायवरच शिकावा.

न दिसणारे माप

तिरका आटा तेल लावून चमकवला तर गिऱ्हाईकाला कळत नाही. नटही कसाबसा चढतो. नंतर यंत्रमाग धडधडू लागला की तोच बोल्ट सुटतो आणि समोर उभ्या माणसाचा हात जायबंदी होऊ शकतो. मापात खोट करणाऱ्यांना कुरआनने सक्त इशारा दिला आहे. आम्हाला वाटते, ते माप केवळ तराजूचे नाही. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि चिलखताच्या कड्या मापात जोडण्याची आज्ञा दिली, हे सूरह सबामध्ये आले आहे. ते स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, असे हदीसमध्ये आहे. लोखंडाच्या कामाला याहून मोठी इज्जत कोणती?

घरच्यांनी काय करावे

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावांत लेथचे लहान कारखाने आहेत. तिथे हेल्पर म्हणून लागलेला मुलगा काम उचलतो, पण पिच म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेले नसते. कागद नसल्याने मोठ्या कारखान्याचे दारही त्याला सहज उघडत नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पुढे अ‍ॅप्रेंटिसशिप करता येते. 'नापासांची जागा' असे म्हणून त्याला हिणवू नका. मुलींनाही तिथे प्रवेश आहे.

एक गोष्ट मात्र घरातूनच शिकवा. लेथवर सैल बाही, लोंबती ओढणी, अंगठी आणि हातमोजे चालत नाहीत. फिरता चक कपड्यासकट माणसाला ओढतो. स्कार्फ घट्ट बांधून आत खोचलेला असावा. चकची चावी चकमध्येच ठेवून मशीन कधी सुरू करू नये. कीस हाताने नव्हे, ब्रशने काढावा.

संध्याकाळी मुलगा काळे हात घेऊन घरी आला तर साबण द्या आणि विचारा, आज किती पिचचे आटे पाडले? उत्तर देता आले तर समजा, तो मजुरी करत नाही, हुनर शिकतो आहे. उत्तर आले नाही, तर उद्या उस्तादांना विचारून ये, असे सांगा.