एकटेपणा घालवण्यासाठी मानसिक आधारगटात जावं का?

नंदुरबारहून नोकरीसाठी नाशिकला आलेला एक तरुण. सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून तो खोलीवर येतो, तेव्हा बोलायला कुणी नसतं. कॉलेज रोडला राहणाऱ्या एक आजी. मुलं परदेशात आणि यजमान गेल्यापासून घरात आवाज फक्त टीव्हीचा. इंदिरानगरमधली एक ताई. भरल्या घरात राहते, पण नैराश्याच्या गोळ्या सुरू आहेत हे सासरी सांगायची चोरी.

अशी माणसं आपल्या ओळखीत सापडतात. तिघांचंही म्हणणं एकच असतं, ‘फार एकटं वाटतं.’ पण आधारगटाचा उपयोग तिघांना सारखा होणार नाही. कारण त्यांचा एकटेपणा वेगवेगळा आहे.

आधारगट म्हणजे नेमकं काय?

एकाच त्रासातून जाणारी माणसं ठरावीक दिवशी एकत्र बसतात आणि आपापला अनुभव सांगतात. यालाच आधारगट किंवा स्वमदत गट म्हणतात. तिथे डॉक्टर असेलच असं नाही.

याचं जुनं आणि परिचित उदाहरण म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. 1935 साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून ते सुरू झालं. दारू सोडायची इच्छा एवढीच तिथली अट. फी नाही, आडनाव सांगायची सक्ती नाही.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी 1997 साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. ते कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारामुळे घरच्यांची होणारी ओढाताण त्यांनी स्वतः अनुभवली होती. अशा गटांमुळे मराठीत दोन सुंदर शब्द रुळले. आजारातून जाणारा तो ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणारा तो ‘शुभंकर’. म्हणजे गट फक्त रुग्णांसाठीच असतात असं नाही, घरच्यांसाठीही असतात.

मला गटाची गरज आहे का?

स्वतःला एक प्रश्न विचारा: माझ्याकडे माणसं नाहीत, की समजून घेणारी माणसं नाहीत?

माणसं आहेत, पण आजाराबद्दल त्यांच्याशी बोलता येत नाही, असं असेल तर आधारगट तुमच्यासाठीच आहे. ‘आज अंथरुणातून उठताच आलं नाही’ हे वाक्य तिथे समजावून सांगावं लागत नाही. इंदिरानगरच्या ताईला याचा खरा उपयोग होईल.

पण माणसंच नसतील, तर आधी दुसरे रस्ते बघा. त्या तरुणाला ट्रेकिंगचा ग्रुप, क्रिकेटची टीम किंवा ढोलपथक जास्त उपयोगी पडेल. आजींसाठी ज्येष्ठ नागरिक संघ आहे, हास्यक्लब आहे. मुंबईत डॉ. मदन कटारियांनी 1995 साली पहिला हास्यक्लब भरवला, तेव्हा जेमतेम पाच जण होते. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर 1840 सालचं आहे. तिथे पुस्तकांच्या निमित्ताने ओळखी होतात. आधारगटात दुःख हाच बोलण्याचा विषय असतो. निव्वळ गप्पांसाठी गेलात तर घरी येताना मन जड होऊ शकतं.

गटात मैत्री होते का?

होते, पण हमी नाही. गटातला माणूस तासभर मनापासून ऐकेल. रात्री दोन वाजता फोन उचलेलच असं नाही, कारण तोही स्वतःच्या त्रासाशी झुंजतोय. मैत्री झाली तर ती वरची मिळकत समजा.

जाण्याआधी काय विचारावं?

– गट कोण चालवतं? त्यांना प्रशिक्षण आहे का?
– फी किती? देणगीचा किंवा काही विकत घेण्याचा आग्रह होतो का?
– कुणाची तब्येत अचानक बिघडली तर काय करतात?
– इथलं बोलणं बाहेर जाऊ नये यासाठी नियम काय आहे?

शेवटचा प्रश्न नाशिकसारख्या शहरात फार महत्त्वाचा. इथे कोण कुणाचा मावसभाऊ निघेल, सांगता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन आहे. गटातल्या इतर सदस्यांना मात्र हे कलम लागू होत नाही. तिथे सगळं विश्वासावर चालतं. म्हणून पहिल्या दिवशी फक्त ऐका. पूर्ण नाव, कंपनी, पत्ता सांगायची घाई नको. बैठकीचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांबद्दलही आधीच विचारा.

‘गोळ्या बंद कर, आम्ही आहोत ना’ असं कुणी म्हणालं, तर तो गट सोडा. औषध बदलायचं की थांबवायचं हे डॉक्टरच ठरवतात.

किती दिवसांत ठरवावं?

एका बैठकीवरून मत बनवू नका. तीनदा जाऊन बघा. दरवेळी घरी आल्यावर हलकं वाटलं की जड, एवढंच लिहून ठेवा. तिन्ही वेळा जड वाटलं, तर तो गट तुमचा नाही. त्यात तुमचाही दोष नाही आणि गटाचाही नाही.

शोधायचं कुठे?

तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर गटाच्या पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. फोन आजच करा आणि जवळच्या एका माणसाला सांगून ठेवा.