बिघडलेल्या इंजिनाची स्वस्त मोटार : दुरुस्ती की भंगार?

प्रश्न नेमका कोणता

जुन्या मोटारींच्या बाजारात एखादी गाडी तिच्याच वयाच्या इतर गाड्यांपेक्षा चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त मिळते आणि त्याचे कारण एवढेच सांगितले जाते : ‘इंजिनाचे थोडे काम आहे.’ हे थोडे काम म्हणजे काही शे रुपयांचा स्पार्क प्लग असू शकतो किंवा सबंध इंजिन खाली उतरवून करायची दुरुस्तीही असू शकते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या खरेदी किमतीशी ताडून पाहण्याची रीत सर्रास आढळते, पण ती दिशाभूल करणारी आहे. तो खर्च ताडायचा असतो दुरुस्तीनंतर त्या गाडीला येणाऱ्या बाजारभावाशी आणि ती आणखी किती वर्षे कायदेशीरपणे रस्त्यावर राहील याच्याशी. म्हणून इंजिनाचे झाकण उघडण्याआधी कागद आणि पत्रा पाहणे तर्काला धरून होते. प्रत्यक्षात हा क्रम नेहमी उलटा असतो.

कागद

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी होऊन ती एका वेळी ५ वर्षांनी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे मोटारीसाठीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांपुढील मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. १५ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण करही लागू होतो. म्हणजे २०१२ साली नोंदलेल्या गाडीची मुदत २०२७ मध्ये संपते, आणि २०२६ मध्ये तिच्या इंजिनावर केलेला खर्च वर्षभरातच ‘पासिंग’च्या खर्चाला जाऊन मिळतो. याखेरीज आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, सीएनजी किट लावले असल्यास त्याची नोंद आहे का, आणि आरसीवरचा इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहावे लागते. क्रमांक जुळत नसेल तर इंजिन आधीच एकदा बदलले गेले आहे आणि त्याची नोंद झालेली नाही, असा अर्थ होतो.

पत्रा

लहान मोटारींना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. वाकवून जोडलेला पत्रा हाच सांगाडा असतो. दाराखालची पोकळ पट्टी, पुढच्या शॉकॅब्सॉर्बरचा वरचा टेकू आणि मागच्या सस्पेन्शनचे जोड या तीन ठिकाणी गंज आत शिरला असेल, तर गाडीची ताकदच कमी झालेली असते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्याच्या किनारी हवेत वाढलेल्या गाडीत हे अधिक संभवते. सोलापूर-लातूरकडच्या कोरड्या हवेतली तेवढ्याच वयाची गाडी पत्र्याच्या बाबतीत सहसा सरस निघते. इंजिनाचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि बदलता येतो. कुजलेल्या सांगाड्यावर वेल्डिंगचे ठिगळ लावता येते, पण मूळचे बळ परत येत नाही.

धुराचा रंग

सायलेन्सरमधून येणारा धूर हा निदानाचा पहिला आणि फुकटचा पुरावा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. दोष बहुधा सेन्सर, इंजेक्टर किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बाहेर. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. तो फक्त सकाळी पहिल्यांदा सुरू करताना दिसून नाहीसा होत असेल, तर रात्रभरात व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल झिरपलेले असते. चढावर किंवा वेग वाढवताना सतत दिसत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. दाट पांढरा, गोडसर वासाचा, गाडी तापल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये शिरते आहे. थंडीत सकाळी दिसणारी पांढरी वाफ मात्र निरुपद्रवी असते. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर या पुराव्याचा निम्मा भाग हरवतो, म्हणून बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करणे हीच पहिली परीक्षा. दाट तेल भरून धूर आणि खडखड काही दिवस दाबता येते, हेही जुन्या बाजारात सर्वांना ठाऊक असते.

दाब मोजणे

रंगावरून अंदाज येतो. खात्री पटते ती कॉम्प्रेशनच्या चाचणीने. इंजिन तापवून सर्व स्पार्क प्लग काढतात, इंधन व ठिणगी बंद करतात, प्लगच्या छिद्रात दाबमापक बसवतात, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवतात. चांगल्या पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १० ते १४ बारच्या दरम्यान येतो. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असते. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी किती जुळतात याला अधिक महत्त्व आहे.

मारुती अल्टोचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊ. त्यात तीन सिलिंडर असतात. समजा, दाब अनुक्रमे १२.५, १२ आणि ६ बार आला. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. तेल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवते. आकडा वर गेला तर दोष रिंगांचा, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली आले असतील तर संशय प्रथम त्यांच्यामधल्या गॅस्केटवर जातो.

पुढची पायरी त्याहून सोपी आणि माझ्या मते सर्वांत बोलकी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वरच्या टोकावर आणून प्लगच्या छिद्रातून टायरच्या कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि ती कुठून बाहेर पडते ते ऐकतात. सायलेन्सरमध्ये फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक. तेल भरण्याच्या झाकणातून आली तर रिंगा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठले तर गॅस्केट फुटले आहे किंवा हेडला तडा आहे. अर्ध्या तासाच्या या कामाने पुढचा हजारोंचा खर्च कोणत्या दिशेला जाणार ते ठरते. तरीही बहुतेक गॅरेजांत ‘खोलल्याशिवाय सांगता येणार नाही’ हेच उत्तर मिळते. ते पूर्णपणे खोटे नाही. सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे किंवा क्रँकची झीज बाहेरून नीट कळत नाही. पण जेवढे कळण्याजोगे आहे तेवढे तरी आधी कळायला हवे.

भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांत ओबीडी-२ ही दोष नोंदवणारी यंत्रणा आहे. स्कॅनर जोडल्यावर पी०३०३ असा संकेत आला, तर तिसरा सिलिंडर ‘मिसिंग’ मारतो एवढे समजते. का मारतो ते नाही. प्लग आणि कॉइल दुसऱ्या सिलिंडरशी अदलाबदल करून दोष त्यांच्याबरोबर सरकतो का, हे पाहिले की स्वस्त कारणे लगेच वगळता येतात.

‘हेडचे काम’, ‘हाफ’ आणि ‘फुल’

हेडच्या कामात व्हॉल्व्ह घासून बसवणे, सील आणि गॅस्केट बदलणे, व तापून वाकलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडचे फेसिंग करणे येते. सीएनजीवर बरीच वर्षे चाललेल्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका झिजणे हा नेहमीचा आजार, आणि तो या पातळीवर बरा होतो. ‘हाफ इंजिन’मध्ये रिंगा आणि पिस्टन जोडले जातात. ‘फुल’मध्ये सिलिंडर मोठा करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने मोठे पिस्टन बसवणे, क्रँकचे ग्राइंडिंग आणि नवी बेअरिंगे, असे सगळेच येते. मात्र या शब्दांचा अर्थ गॅरेजागणिक बदलतो, त्यामुळे सुट्या भागांची नावे घालून लिहून घेतलेला अंदाजच उपयोगी पडतो. लेथ मशीनचे काम बाहेर जाते आणि त्याचे पैसे वेगळे लागतात, ही बाब अंदाजात हमखास गाळली जाते.

हिशेब

वरच्याच गाडीचे कल्पित आकडे घेऊ. आजच्या अवस्थेत किंमत ६०,०००. तशीच धडधाकट गाडी १,१०,००० ला मिळते. हेडचे काम २२,०००. बॅटरी, दोन टायर, विमा आणि नावावर करणे मिळून १२,०००. बेरीज ९४,०००, म्हणजे १६,००० ची जागा उरते. हेड उघडल्यावर सिलिंडरला ओरखडे निघाले आणि काम ‘फुल’वर, समजा ५०,००० वर गेले, तर बेरीज १,२२,००० होते आणि धडधाकट गाडीच आधी घेतली असती तर बरे झाले असते. निर्णयाचा खरा क्षण हेड उघडल्यावर येतो. तोपर्यंत मजुरी आणि गॅस्केटचे पैसे गेलेले असतात, आणि ‘एवढे घातले, आता आणखी थोडे’ हा विचार बळावतो. घातलेले पैसे पुढच्या हिशेबात धरता येत नाहीत; त्या टप्प्यावर तुलना करायची ती फक्त पुढे लागणाऱ्या खर्चाची आणि वाढणाऱ्या किमतीची. ज्या रकमेपुढे जायचे नाही ती इंजिन खोलण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवणे म्हणूनच सयुक्तिक.

गाडी ज्याच्याकडे आधीपासूनच आहे त्याचा हिशेब थोडा वेगळा पडतो. त्याला गिअरबॉक्स, क्लच, अपघात यांचा इतिहास माहीत असतो. अनोळखी गाडीतली लपलेली जोखीम त्याला मोजावी लागत नाही. तोच खर्च त्याच्यासाठी शहाणपणाचा आणि नव्या ग्राहकासाठी अविचाराचा ठरू शकतो.

सुटे भाग

एकच इंजिन अनेक गाड्यांत वापरले गेले असेल तर दुरुस्ती सुलभ होते. फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल हे ठळक उदाहरण : मारुती, टाटा आणि फियाट या तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत ते होते, त्यामुळे त्याचे भाग आणि जाणकार कारागीर दोन्ही मिळतात. याउलट शेवर्लेने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली. अशा गाड्यांची किंमत कमी असते आणि एखाद्या भागासाठी शोधाशोध करावी लागते. डिझेलमध्ये इंजेक्टर, उच्चदाब पंप आणि टर्बो हे तीन महागडे भाग वाढतात, म्हणून स्वस्त डिझेल गाडीतला ‘थोडा’ बिघाड पेट्रोलपेक्षा अधिक जपून पाहावा लागतो. जुने इंजिन आणून बसवणे हा आणखी एक मार्ग. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात तशी इंजिने मिळतात. पण त्याची अवस्था तपासलेली नसेल तर एक अज्ञात जाऊन दुसरे येते, आणि बसवलेल्या इंजिनाचा क्रमांक आरटीओत नोंदवणे आवश्यक असते.

पुरातली गाडी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ मध्ये चिपळूणला तेच झाले. चालत्या इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरले की ते दाबले जात नाही, आणि पिस्टनला जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड किंचितच वाकला तर गाडी चालतेही. मात्र पिस्टन पूर्ण उंची गाठत नाही आणि त्या सिलिंडरचा दाब कमी दाखवतो. सीटच्या रुळांत, कार्पेटखाली आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खोबणीत वाळलेला गाळ सापडला तर इंजिनाचे निदान करत बसण्यात अर्थ नाही. वायरिंगच्या जोडांत आणि ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) सुरू झालेला गंज महिन्यांनी डोके वर काढतो, आणि त्याचा खर्च कोणालाच आगाऊ सांगता येत नाही. यांत्रिक बिघाड नेहमीच्या विमा पॉलिसीत येत नाही. पाण्याने झालेल्या इंजिनाच्या नुकसानीसाठीही वेगळे संरक्षण आधीच घेतलेले असावे लागते.

भंगारात काढणे

हिशेब जुळला नाही तर गाडी नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रात देता येते. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या वाहनाचे नोंदणी शुल्क माफ होते, आणि खासगी वाहनाच्या मोटार वाहन करात राज्यांना २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिल्यास रोख लगेच हाती येते, पण आरटीओत आरसी रद्द होईपर्यंत ती गाडी मूळ मालकाच्याच नावावर राहते. तिचे इंजिन किंवा नंबरप्लेट पुढे कुठे वापरली गेली तर चौकशी त्याच्याच पत्त्यावर येते.