लोखंडी बूट घातलेले जवान

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले जवान महिनोन्‌महिने पडून होते. जखमा भरायच्या, पण मांडी काटकुळीच राहायची आणि पाय भार पेलायचा नाही. हलका व्यायाम पुष्कळ वेळा करायचा, ही तेव्हाची रीत. जड वजनाने सांधे आणि हृदय बिघडतं, अशी बहुतेक डॉक्टरांची पक्की समजूत होती.

तिथल्या थॉमस डीलॉर्म या तरुण लष्करी डॉक्टरांना मात्र वजनांचा अनुभव स्वतःच्याच अंगावर आलेला होता. किशोरवयात ऱ्हुमॅटिक फीवरने त्यांना अंथरुणाला खिळवलं होतं. यापुढे दमछाक होईल असं काही करायचं नाही, अशी ताकीद मिळाली होती. त्या मुलाने रेल्वेच्या चाकांचा बारबेल केला आणि तो उचलत उचलत धडधाकट होऊन दाखवलं. ज्याला आयुष्यभर जपून राहा म्हटलं होतं, तोच पुढे जायबंदी शिपायांना वजन उचलायला शिकवू लागला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यांची पद्धत अशी. जवानाला टेबलाच्या कडेला बसवायचं, पावलाला लोखंडी बूट पट्ट्यांनी बांधायचा, बुटाच्या दांड्यात वजनाच्या चकत्या अडकवायच्या. आता गुडघा सावकाश सरळ करायचा. जेमतेम दहा वेळा उचलता येईल, अकराव्यांदा नाही, असं वजन शोधायचं. आठवडाभर त्याच्या आधाराने सराव करायचा आणि मग पुन्हा मोजायचं. आकडा चढला की चकत्या वाढवायच्या. आपल्या तालमीत जोर-बैठकांची संख्या वाढवत नेतात. डीलॉर्म यांनी संख्या रोखून धरली आणि भार वाढवला. खचलेल्या माणसाच्या दृष्टीने यात मोठी गोष्ट आहे. धीर धर, असं त्याला नुसतं सांगावं लागत नाही. गेल्या आठवड्यात न हललेलं वजन आज हललं, हे तो स्वतःच पाहतो. १९४५ साली त्यांनी हा अनुभव निबंधरूपाने प्रसिद्ध केला.

शरीरात काय घडतं, तेही थक्क करणारं आहे. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसा जाड होत नाही, तरी ताकद वाढते. कारण आधी मज्जासंस्था शिकते: एरवी स्वस्थ बसलेल्या स्नायुतंतूंना ती एकाच वेळी कामाला लावते. तंतू जाड होतात ते त्यानंतर, विश्रांतीच्या वेळी, खाल्लेल्या प्रथिनांतून.

आणि याला वयाची अट नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धसेवागृहात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना जड वजनांचा व्यायाम दिला. आठ आठवड्यांत, व्यायाम पुरा करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू न शकणाऱ्यांपैकी एकाला आधाराविना उठता येऊ लागलं. पुढे व्यायाम थांबला आणि चारच आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी उतरली. म्हणून व्यायाम शिकवणाऱ्याचं काम वजन कसं उचलायचं ते दाखवून संपत नाही. पुढच्या आठवड्यातही त्याला बूट बांधायला हजर राहावं लागतं.