बॉस, ऑइल बदललंस की नुसता दिवा विझवलास?

सीन असा आहे. पहाटे पाचला पुणं सोडलंय. बोनसच्या जोरावर नुकतीच सेकंडहँड बीएमडब्ल्यू घेतलीय आणि दिवाळीला गावी, हदगावला, ती जरा मिरवायचीय. लातूर मागं पडतं, लोहा येतं, नांदेडला चहा होतो. अर्धापूरच्या केळीच्या बागा संपेपर्यंत सगळं झक्कास! आणि वारंगा फाट्याच्या अलीकडे मीटरमध्ये पिवळा त्रिकोण उगवतो. इंजिन ऑइल सर्व्हिस ड्यू. शेजारचे काका लगेच म्हणणार, 'भाऊ, समोर काय पेटायलंय बघ की!'

तर काकांना सांगा, हा दिवा म्हणजे नुसतं कॅलेंडर आहे. गाडी बिनधास्त हदगावपर्यंत न्या. मात्र हाच दिवा लाल असेल आणि त्यावर तेलाच्या किटलीचं चित्र असेल, तर मामला वेगळा. तिथे ऑइलचं प्रेशर गेलेलं असतं. गाडी तिथल्या तिथे कडेला, इंजिन बंद आणि थेट टोइंगवाल्याला फोन. या दोन दिव्यांत गल्लत करून इंजिन जाम झालं, तर बिल ऐकून हप्ते भरायची इच्छाच उरत नाही.

पिवळ्या दिव्याचा फंडा काय? लक्झरी गाडीला ऑइल जुनं झाल्याचं 'दिसतं' असा अनेकांचा समज आहे. बऱ्याच गाड्यांत सेन्सर असतो हे खरं, पण तो प्रामुख्याने ऑइलची पातळी आणि तापमान बघतो. बाकी सगळा हिशोब. किती किलोमीटर झाले, किती दिवस झाले, काही गाड्यांत किती इंधन जळलं, यावरून कॉम्प्युटर पुढची तारीख काढतो. नवं ऑइल ओतलं तरी गाडीला ते आपोआप कळत नाही, कुणीतरी सांगावं लागतं. हे सांगणं म्हणजे रीसेट.

आणि ते अगदी सोपं आहे, राव! 2012 नंतरच्या थ्री सिरीजसारख्या बीएमडब्ल्यूत दारं लावा, ब्रेकवर पाय न ठेवता स्टार्टचं बटण दाबा. इंजिन चालू होणार नाही, मीटर उजळेल. मीटरखालचं ट्रिपचं छोटं बटण साधारण दहा सेकंद दाबून धरा. सर्व्हिसची यादी आली की तेच बटण टिचक्या मारत इंजिन ऑइलवर या, पुन्हा दाबून धरा, रीसेट करू का असं विचारलं की सोडून परत एकदा धरा. झालं. फक्त यादीत शेजारीच ब्रेक फ्लुइड असतं, घाईत त्याचा हिशोब पुसू नका. 2014 पर्यंतच्या सी-क्लास मर्सिडीजमध्ये मजा आहे. चावी पहिल्या टप्प्यावर, स्क्रीनवर किलोमीटरचा आकडा आणि स्टिअरिंगवरचं फोन उचलायचं बटण दाबून धरून लगेच ओकेचं बटण, दोन्ही पाच सेकंद. एक लपलेला मेनू उघडतो. त्यात असिस्ट प्लस शोधायचं. जेम्स बाँड झाल्यासारखं वाटतं, खोटं का बोला. ऑडीच्या बऱ्याच मॉडेल्सना हा ताप नाही, स्क्रीनवरच्या कार मेनूत सर्व्हिसचा पर्याय सरळ मिळतो.

पण खरी गोम इथेच आहे. जे तुम्हाला मिनिटभरात जमतं, ते गाडी विकणाऱ्यालाही जमतं! ऑइल तेच, काळंकुट्ट, आणि स्क्रीनवर मात्र 'पुढची सर्व्हिस 15,000 किलोमीटरनंतर'. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन एका दमात 150 मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे 65 कोटींच्या. देशभर बातमी गाजली. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय आणि अशा गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात फिरतायत. म्हणून सेकंडहँड घेताना स्क्रीनवर भाळू नका. ऑइल आणि फिल्टरची बिलं मागा, त्यांवरचे किलोमीटर जुळवून बघा. चेसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधली हिस्ट्री निघते का तेही विचारा. विकणारा 'बिलं कुठं ठेवतो कोण' म्हणाला, तर किंमत तिथेच खाली आणा.

डिझेल गाडीवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. रोज घर ते हिंजवडी असा तुकड्यातुकड्यांचा प्रवास असेल, तर धूर गाळणाऱ्या फिल्टरला स्वतःला जाळून साफ करायला वेळच मिळत नाही. मग न जळलेलं डिझेल हळूहळू ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ होतं. त्यात आपला मराठवाड्याचा उन्हाळा आणि धूळ. दिव्याने पंधरा हजार सांगितले तरी दहा हजारांवर ऑइल बदलणारा माणूस मला तरी येडा वाटत नाही.

हदगावात हे करायचं कुठं? नांदेड साठ-पासष्ट किलोमीटर, संभाजीनगर तीनशेच्या आसपास. गंमत बघा, कित्येक ऑडी गाड्यांची जुळणी याच मराठवाड्यात, शेंद्र्याच्या कारखान्यात झाली. आणि दिवा विझवायला माणूस शोधत हिंडायचं! सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला होता. त्यात मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, स्कोडा, फोक्सवॅगन होत्या. प्रकरण पुढे कोर्टात गेलं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. तरी वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेर हात लावण्याआधी तिच्या अटी वाचा, भांडायची हौस नसेल तर.

वॉरंटी संपलेल्यांचं काम मात्र गावच्या चांगल्या मेकॅनिककडेही होतं. ऑइल तेवढं तुमचं न्या. नुसतं 'फाइव्ह डब्ल्यू थर्टी' पाहून डबा उचलू नका, कंपनीचा मंजुरी क्रमांक बघा. मर्सिडीजच्या बऱ्याच डिझेल गाड्यांना 229.51, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-04, नेमका कोणता ते मॅन्युअलमध्ये असतं. काही इंजिनांना साडेसहा लिटर लागतं, चार लिटरचा एक डबा पुरत नाही. आणि मेकॅनिकमामा बॉनेट उघडून ऑइलची काडी शोधायला लागले तर हसू नका. अनेक गाड्यांत ती नसतेच, सपाट जागी इंजिन गरम करून पातळी स्क्रीनवर बघावी लागते. फिल्टरचा पार्ट नंबरही पुण्यातून निघण्याआधीच काढून ठेवा, नांदेडचा दुकानदार पहिला तोच विचारणार.