छापील आकड्याच्या पुढे

जानेवारीत बदलापूरच्या घरात पहाटे फरशीवर पाय टेकवत नाही. अशाच एका पहाटे मी कॉम्प्युटर सुरू करता करता डिलीटचं बटण दाबत राहिलो, बायोस या मूळ सेटिंगच्या निळ्या पडद्यावर पोचलो आणि एका ओळीतला २०० हा आकडा खोडून ३०० केला. प्रोसेसर होता इंटेलचा पेंटियम ड्युअल-कोर ई२१६०. खोक्यावर छापलेला वेग १.८ गिगाहर्ट्झ. विंडोज सुरू झालं तेव्हा पडद्यावर २.७ दिसत होते. खिशातून दमडी न जाता दीडपट वेग!

एप्रिलमध्ये तोच कॉम्प्युटर दुपारी दोनच्या सुमाराला हँग व्हायला लागला. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून मी टेबल फॅन आत वळवला, तर आई म्हणाली, "त्या डब्याला वारा घालतोयस, माणसांनी काय करायचं?" शेवटी ३०० चे २६६ केले. २.४ वर स्वारी शांत झाली. ओव्हरक्लॉकिंग या विद्येचे दोन्ही धडे मला असे चार महिन्यांत मिळाले: खोक्यावरचा आकडा शेवटचा नसतो, आणि तो ओलांडायचा तर हिशेब उष्णतेशी करावा लागतो.

आकड्यांचं गणित दुसरीतल्या पाढ्याइतकं सोपं आहे. मदरबोर्डवरचं एक घड्याळ ठरावीक ठोके देतं. प्रोसेसर त्या ठोक्याला आपल्या गुणकाने गुणतो. माझ्या चिपचा गुणक ९. २०० दशलक्ष ठोक्यांना नवाने गुणलं की १.८ गिगाहर्ट्झ. गुणक वाढवा नाहीतर मूळ ठोका वाढवा, वेग वाढतो.

पण कंपनीने विकलेल्यापेक्षा जास्त वेगाने चिप चालतेच कशी? एकाच सिलिकॉनच्या चकतीतून शेकडो चिपा निघतात आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. कारखान्यात त्यांची चाचणी होते, प्रतवारी लागते. हापूसच्या पेट्या लावाव्यात तशीच ही रीत. फरक एवढाच, की बाजारात मागणी मधल्या मालाची असेल तर अव्वल नगावरही मधल्या प्रतीचा शिक्का बसतो. शिवाय जगातल्या कुठल्याही खोलीत, कसल्याही पंख्याखाली चिप चालली पाहिजे म्हणून कंपनी हातचा राखून आकडा छापते. ओव्हरक्लॉकिंग करणारा या हातच्यावर डोळा ठेवून असतो.

या विद्येचं सोनेरी वर्ष १९९८. त्या ऑगस्टमध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए आणला: ठोका ६६, गुणक साडेचार, वेग ३०० मेगाहर्ट्झ. किंमत १४९ डॉलर. त्याच वेळी आलेला पेंटियम टू ४५० मेगाहर्ट्झचा आणि ६६९ डॉलरचा. लोकांनी सेलेरॉनचा ठोका ६६ वरून १०० केला, साडेचारने गुणलं आणि ४५० मिळवले. या गरीब चिपेत आणखी एक गंमत होती. तिची कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली झटपट स्मृती, अवघी १२८ किलोबाइटची, पण चिपेच्या आतच आणि पूर्ण वेगाने धावणारी. पेंटियम टूची ५१२ किलोबाइटची, पण बाहेर आणि निम्म्या वेगाची. त्यामुळे पुष्कळ कामांत धाकटा थोरल्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

गुणक मात्र इंटेलने तोवर कुलूपबंद केला होता. त्यामागे बाजारातली एक खोडी होती. कमी वेगाच्या चिपा घ्यायच्या, वरचा छाप खरवडायचा, जास्त वेगाचा छाप मारायचा आणि चढ्या भावाने विकायच्या. आमच्या उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यातल्या माणसाला हे ऐकून हसू फुटतं. 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद ऐकतच आम्ही वाढलो. पण फसवणूक आणि ओव्हरक्लॉकिंग यांत एक सरळ रेघ आहे. पहिल्यात आकडा दुसऱ्याला विकतात, दुसऱ्यात जोखीम स्वतःच्या यंत्रावर घेतात.

आणि छापील क्षमता ओलांडण्याचंच म्हणाल तर उल्हासनगर हे गावच त्याचा नमुना. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ येत्याजात्या सैनिकांसाठी बराकी बांधल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचे संसार त्याच बराकींत मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली, पण पत्त्यातला 'कॅम्प नंबर' आजही गेलेला नाही. फाळणीचा एक धागा चिपेपर्यंतही पोचतो. पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम पुण्यात जन्मले. त्यांचं कुटुंब रावळपिंडीहून इकडे आलेलं. पुढे इंटेल सोडल्यावर प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीच्या के६ या चिपेमागेही तेच होते.

त्या एएमडीच्या चिपांवर २००० साली पोरांनी केलेली युक्ती तर शाळेच्या दप्तरातली. ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनच्या वरच्या बाजूला धातूचे बारीक पूल असत. कारखान्यात लेसरने ते तोडून गुणक बंद केलेला असे. लोकांनी शिसपेन्सिलीने त्या फटी गिरवल्या. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. पूल जुळले, कुलूप उघडलं.

पण प्रत्येक कुलपाच्या आत उष्णता बसलेली असते. चिपेला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग वीस टक्के वाढवला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेज दहा टक्के चढवलं, तर वीज जवळजवळ पंचेचाळीस टक्के जास्त लागते. ६५ वॅटची चिप ९४ वॅटवर जाते, आणि त्या सगळ्याची शेवटी उष्णताच होते. पंख्याचा कूलर कितीही महाग घ्या, तो चिपेला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तितकीच तापते. बदलापूर-अंबरनाथकडे समुद्राचा वारा उशिरा आणि थकून पोचतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. थंड खोलीतल्या माणसाने मिरवलेला आकडा आपल्याकडे जसाच्या तसा उतरत नाही, तो याचमुळे.

म्हणून इथल्या हौशी माणसाचा निम्मा वेळ कूलरवर जातो. जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती पुसायची, भिजवलेल्या साबुदाण्याएवढा नवा ठिपका चिपेच्या मधोमध ठेवायचा आणि कूलर सरळ दाबून बसवायचा. मग पात्यांमधली धूळ. जीन्स शिवणाऱ्या गाळ्याला लागून घर असेल तर त्या धुळीत निळसर लवही निघते.

त्यानंतर परीक्षा. ठोका थोडा वाढवायचा आणि प्राइम९५ रात्रभर लावून ठेवायचा. हा प्रोग्रॅम मुळात प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. तो प्रोसेसरला क्षणाची उसंत देत नाही आणि आलेलं उत्तर आधी माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहतो. कॉम्प्युटर बंद पडला तर निदान कळतं तरी. खरी भीती न बोलता चुकीची बेरीज करणाऱ्या यंत्राची. सकाळी उठून पाहावं तर एका कोअरपुढे लाल अक्षरं: पूर्णांकनाची चूक ०.५, अपेक्षा ०.४ हून कमी. की पुन्हा बायोस. भारनियमनाच्या वर्षांत ही रात्रभराची परीक्षा मध्येच बुडायची. निकाल यंत्राचा की वीजमंडळाचा, तेच कळायचं नाही.

आज या विद्येचा बाज बदलला आहे. २०११ पासून इंटेलने गुणकाचं कुलूप मुख्यतः 'के' अक्षराच्या महाग चिपांसाठी उघडं ठेवलं. पेन्सिलीचं काम कंपनीने पैसे घेऊन करून दिलं. त्याआधी २००८ मध्येच टर्बो बूस्ट आलं होतं. चिप थंड असेल तेव्हा ती आपणहून वेग वाढवते. म्हणजे हातचा राखलेला आकडा कंपनी स्वतःच खर्च करू लागली. त्याचा अतिरेक २०२४ मध्ये दिसला. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही चिपा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून झिजत होत्या. कंपनीला दुरुस्तीचा मायक्रोकोड द्यावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. विक्रमवीर द्रव हेलियम ओतून ९ गिगाहर्ट्झच्या पुढे गेलेत. पण तो घरी चालवायचा कॉम्प्युटर नव्हे.

घरात उरते ती उलटी विद्या, अंडरव्होल्टिंग. वेग तोच ठेवायचा आणि व्होल्टेज एकेक पायरी खाली आणत चिप कुठवर टिकते ते पाहायचं. हापूसच्या पेटीतला हातचा इथेही असतोच, फक्त तो वेगात न घेता थंडाव्यात घ्यायचा. परीक्षा तीच, रात्रभराची. बक्षीस म्हणजे पंख्याचा उतरलेला आवाज आणि दुपारी दोनला न अडणारं काम.

एप्रिल आला की मी आजही डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये जातो. आकडा खाली आणतो, सेव्ह करतो, आणि टेबल फॅन आईकडे वळवतो.