मोठे आतडे काय काम करते?

आमच्या घरी एक म्हैस आणि तीन शेळ्या आहेत. सकाळी गोठा झाडायचे काम माझ्याकडे असते. म्हशीचे शेण पातळ असते, पण शेळीच्या लेंड्या मात्र कोरड्या. दोघी पाणी एकाच हौदातले पितात. मग असे का? मी वर्गात गुरुजींना विचारले तेव्हा सगळी मुले हसली. पण गुरुजी म्हणाले, "हसू नका. याचे उत्तर मोठ्या आतड्यात आहे."

गुरुजींनी आम्हाला पटांगणात दोरी मोजायला लावली. माणसाचे लहान आतडे सुमारे २० फूट लांब असते आणि मोठे आतडे फक्त ५ फूट! मग त्याला मोठे का म्हणतात? कारण ते रुंदीने मोठे असते.

आपण खाल्लेली भाकरी आधी जठरात जाते, मग लहान आतड्यात. तिथे तिच्यातला बराचसा कस रक्तात जातो. उरलेला पातळ चोथा मोठ्या आतड्यात येतो. हे आतडे पोटात उजवीकडे खाली सुरू होते, वर चढते, आडवे जाते आणि डावीकडून खाली उतरते. दाराच्या चौकटीसारखेच.

त्याचे मुख्य काम म्हणजे पाणी परत घेणे. रोज सुमारे दीड लिटर पाणी चोथ्याबरोबर तिथे येते. त्यातले बहुतेक सगळे ते शोषून रक्तात देते. बाहेर जाते ते एका पेल्याहूनही कमी. शेळीचे आतडे तर पाणी फारच ओढून घेते, म्हणून लेंड्या कोरड्या.

मोठ्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. पालेभाजी आणि भाकरीचा चोथा हे त्यांचे खाणे. ते आपल्यासाठी 'के' जीवनसत्त्व तयार करतात. पोटात वारा धरतो तोही बराचसा त्यांच्यामुळेच. म्हणून कोणाला हसू नये.

शौचाला लागली तरी काही मुले दाबून धरतात. मीपण धरायची. मग आतडे आणखी पाणी ओढते आणि खडा होतो. फार दुखते.

मागच्या पावसाळ्यात माझ्या दोन वर्षांच्या भावाला ढाळ लागले. आजी म्हणाली, "पाणी पाजू नगं, आणखी ढाळ व्हत्यात." बाळाचे डोळे खोल गेले. रडला तरी डोळ्यांतून पाणी येईना. मला फार भीती वाटली. मी म्हणाले, "आजी, चोथा घाईने पळतोय. आतड्याला पाणी शोषायला सवडच नाही. गेलेलं पाणी परत द्यायला पायजे." आजी म्हणाली, "तू कवापासनं डाक्तरीण झालीस?" पण आईने ऐकले.

उकळून गार केलेले १ लिटर पाणी, त्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यावा. मीठ आणि साखर बरोबर असली की लहान आतडे पाणी आत ओढते. आई चमच्याचमच्याने पाजत होती. तेवढ्यात दादा आशाताईंना घेऊन आले. त्यांनी पाकीट दिले आणि बाळाला लगेच दवाखान्यात न्यायला सांगितले. तिथे डॉक्टर म्हणाले, "पाणी बंद केलं नाहीत, फार बरं केलंत."

आता बाळ गोठ्यात माझ्यामागे पळत असतो. आजी मला अधूनमधून विचारते, "साखर किती चमचं गं?" तिला वाचता येत नाही. पालकसभेला ती येईल तेव्हा हा लेख मी तिला वाचून दाखवणार आहे.

मुलांनो, भाजी खा, पाणी भरपूर प्या, शौच रोखू नका, हात साबणाने धुवा. आणि कोणाला ढाळ लागले तर पाणी बंद करू नका.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी